खतांची बेरीज

शेतकरी आणि परसबाग करणारे ज्याला सरसकट ‘सेंद्रिय खत’ म्हणतात, त्या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात, आणि त्यांतील भेद न ओळखल्यामुळे होणारे नुकसान वरवर दिसते त्यापेक्षा बरेच मोठे असते. नत्र, स्फुरद, पालाश यांसारखी अन्नद्रव्ये पिकाला पुरवते ते खत, आणि जमिनीचा पोत, निचरा किंवा सामू म्हणजे आम्ल-विम्लतेचे मान बदलण्यासाठी जे घातले जाते ते भूसुधारक. शेणखत, कोंबडखत, लेंडीखत, पेंडी आणि हाडांचा चुरा पहिल्या वर्गात येतात. जिप्सम, चुना, राख हे मुख्यतः दुसऱ्या वर्गातले. व्यवहारात मात्र ही सीमा पुसट असते, कारण शेणखत जमीन भुसभुशीतही करते आणि राखेतून पालाशही मिळते, त्यामुळे यांतले काहीही घातले की काही ना काही भलेच होईल असा समज दृढ होतो. आणि जे निसर्गातून आले ते कितीही घातले तरी अपाय करणार नाही, ही त्याला जोडून येणारी दुसरी समजूत पहिलीपेक्षाही अधिक महागात पडते.

प्रस्तुत विवेचन आळे शिवारातील दहा गुंठ्यांच्या एका तुकड्यावर आधारलेले असल्यामुळे तेथील जमिनीची ओळख आधी करून देणे आवश्यक आहे. रेड्याच्या समाधीमुळे वारकऱ्यांना परिचित असलेले आणि पुणे-नाशिक महामार्गावरील आळेफाट्यामुळे इतरांना ठाऊक असलेले हे गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात येते. तालुक्याच्या पश्चिमेला नाणेघाट आणि माळशेजच्या बाजूला कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना झपाट्याने उणावत जातो, आणि बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणापासून बनलेल्या मातीतला चुना व क्षार जोरदार पावसाने धुऊन जाण्याऐवजी येथे जमिनीतच राहतात. पिंपळगाव जोगे धरणाच्या कालव्याने बारमाही ओलीत आले, कांदा, टोमॅटो, ऊस, डाळिंब अशी पिके उभी राहिली, पण मातीचा स्वभाव विम्लधर्मीच राहिला, आणि निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत अति पाण्याने क्षार वर येण्याचा धोका उलट वाढला. घाटाखाली कोकणातल्या जांभ्याच्या, आम्लधर्मी जमिनीत जी राख, जो चुना आणि जो हाडांचा चुरा वरदान ठरतो, तोच आळ्याच्या चुनखडीयुक्त मातीत निरुपयोगी किंवा अपायकारक का ठरतो, याचे उत्तर याच फरकात आहे. हाडांतील आणि रॉक फॉस्फेट या खनिजातील स्फुरद आम्लाच्या संगतीत विरघळते. ज्या मातीचा सामू 8 च्या वर आहे तेथे ते जवळपास आहे तसे पडून राहते.

खते एकत्र करण्याची कल्पना काही आजची नव्हे, आणि मुळात ती चुकीचीही नव्हे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे यशवंत वाड यांच्या सहकार्याने सिद्ध केलेली आणि 1931 साली ग्रंथरूपाने मांडलेली कंपोस्टची पद्धत शेतातला काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि किंचित राख यांच्या थरांवरच उभी आहे. पुसदच्या पांढरीपांडे यांनी, ज्यांना ‘नाडेप काका’ म्हणून ओळखले जाते, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा हवेशीर विटांच्या टाक्यात सुमारे शंभर किलो शेणावर चौदा-पंधराशे किलो काडीकचरा कुजवण्याची रीत घालून दिली. या दोन्ही पद्धतींत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की प्रत्येक पदार्थाचे प्रमाण आणि कुजण्याचा अवधी ठरलेला आहे, आणि मातीत जाते ते कुजून एकजीव झालेले एकच खत. पुढे प्रत्येक पदार्थाची स्वतंत्र गोणी बाजारात आली, प्रत्येक गोणीवर स्वतंत्र गुण छापले गेले, आणि थर रचून महिनोन्‌महिने वाट पाहण्याची जागा फावड्याने दोनदा ढीग परतण्याने घेतली.

प्रस्तुत लेखकाच्या हातून नेमके हेच घडले. उन्हाळी कांद्यासाठी डिसेंबरात त्या दहा गुंठ्यांत दोन टन शेणखत, नुकतेच शेडमधून काढलेले एक टन कोंबडखत, अर्धा टन लेंडीखत, एक टन प्रेसमड म्हणजे साखर कारखान्यातील रस गाळल्यावर उरणारी मळी, शंभर किलो निंबोळी पेंड, पन्नास किलो हाडांचा चुरा, थोडे गांडूळखत, चुलीची चार पाट्या राख आणि दोन गोणी जिप्सम असा नऊ वस्तूंचा ढीग करून, त्यावर ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पूड टाकून, पंधराच दिवसांत तो वाफ्यांत पसरण्यात आला. यातील एकही वस्तू वाईट नव्हती, आणि प्रत्येकीच्या बाजूने कोणा ना कोणा जाणकाराचा शब्द होता.

पहिली चूक बेरजेची होती. पाठ्यपुस्तकांत दिलेली सरासरी धरली तर शेणखतात नत्र अर्धा टक्का असते, कोंबडखतात नत्र तीन आणि स्फुरद अडीच टक्क्यांच्या आसपास, लेंडीखतात नत्र तीन आणि स्फुरद एक टक्का, निंबोळी पेंडीत नत्र पाच टक्के, हाडांच्या चुऱ्यात स्फुरद वीस ते पंचवीस टक्के, आणि प्रेसमडमध्ये नत्र एक टक्क्याहून थोडे अधिक व स्फुरद दोन टक्क्यांच्या घरात. कांद्याची परिचित शिफारस हेक्टरी नत्र 100, स्फुरद 50 आणि पालाश 50 किलो अशी आहे. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, तेव्हा या तुकड्याची गरज शेणखताखेरीज दहा किलो नत्र आणि पाच किलो स्फुरद एवढीच होती. ढिगात मात्र सुमारे सत्तर किलो नत्र आणि साठ किलोंहून अधिक स्फुरद होते. सेंद्रिय खतातील सगळे नत्र पहिल्याच पिकाला मिळत नाही, शेणखतातले तर साधारण तिसरा हिस्साच मिळते, ही सूट धरूनही हा आकडा गरजेच्या कितीतरी पुढे जातो. प्रत्येक गोणी एकेका गुणासाठी घेतलेली असते, एक नत्रासाठी, एक स्फुरदासाठी, एक ‘जमीन मोकळी होण्यासाठी’. परंतु प्रत्येकीत थोडेथोडे सगळेच असते आणि मातीत गेल्यावर ते सगळे एकमेकांत मिळवले जाते. हा साधा हिशेब खत पसरण्याआधी वहीच्या एका पानावर मांडता आला असता, आणि तो मांडला गेला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी खंत आहे.

दुसरी चूक संगतीची. कोंबडखतातील नत्राचा मोठा भाग युरिक आम्लाच्या रूपात असतो आणि ओल मिळताच त्यापासून अमोनिया तयार होतो. राख तीव्र विम्लधर्मी असल्यामुळे ती शेजारी आली की हा अमोनिया मातीत अडकण्याऐवजी वायू होऊन उडून जातो. ढीग परतताना नाकाला झोंबून डोळ्यांतून पाणी काढणारा जो वास येतो, तो खताच्या ‘जोरदारपणाचा’ पुरावा मानला जातो, पण वास्तविक तो विकत घेतलेले नत्र हवेत जात असल्याचा पुरावा असतो. त्याच ढिगात वर टाकलेली ट्रायकोडर्माची पूड तर जवळजवळ वाया गेली, कारण कच्च्या खताचा ओला ढीग साठ अंशांपर्यंत तापतो आणि अशी उपयुक्त बुरशी त्या उष्णतेत टिकत नाही. ती ढीग निवल्यावर, पूर्ण कुजलेल्या खतात मिसळायची असते.

जिप्समविषयी मात्र न्यायाने बोलले पाहिजे. चोपण जमिनीत, म्हणजे जेथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसल्यामुळे पाणी मुरेनासे होते तेथे, त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावते आणि उत्तम काम करते, शिवाय कांद्याला लागणारे गंधकही त्यातून मिळते. परंतु जमीन चोपण आहे की नुसती खारवट, हे परीक्षणाशिवाय कळत नाही, आणि खारवट जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे क्षारांत आणखी एका क्षाराची भर घालणे होय.

परिणाम तीन टप्प्यांत दिसला. लागवडीनंतर पहिल्या आठवड्यातच रोपांचे शेंडे करपले आणि वाफ्यांत जागोजागी नांगे पडले, कारण ताज्या कोंबडखतातील अमोनिया आणि क्षार कोवळ्या मुळांना सोसले नाहीत. महिन्याभराने उरलेल्या पिकाच्या नव्या पाती फिकट पडल्या. ऊस-भुईमुगात ज्याला ‘केवडा’ म्हणतात त्यासारखाच हा प्रकार होता. चुनखडीच्या जमिनीत लोह आधीच दुर्मीळ असते, आणि स्फुरदाची रेलचेल झाली की लोह व जस्त असूनही पिकाला ते उचलता येत नाही. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की पिकाची वाढ ज्या द्रव्याची सर्वांत अधिक उणीव असते त्यावर अडते. त्याला येथे एवढी पुस्ती जोडावी लागते की एका द्रव्याचा अतिरेक दुसऱ्याची उणीव स्वतः निर्माण करू शकतो.

तिसरा टप्पा सर्वांत फसवा होता, कारण तो आला तेव्हा पीक सुधारल्यासारखे दिसत होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मातीतील सूक्ष्मजीव मंदावलेले असतात आणि सेंद्रिय नत्र सावकाश सुटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढले की तेच नत्र एकदम मोकळे होते. रासायनिक खत वापरणाराही कांद्याला नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीपासून दीड महिन्याच्या आत देऊन मोकळा होतो, ते याचसाठी की पुढे कांद्याने पात वाढवणे थांबवून पोसायचे असते. येथे पोसण्याच्या ऐन दिवसांत नत्राचा पूर आला, पात हिरवीगार राहिली, माना जाड झाल्या आणि काढणीच्या वेळी त्या नीट पडल्याच नाहीत. जाड मानेचा कांदा आतून वाळत नाही. चाळीत भरलेला माल पावसाळा लागताच सडू लागला, आणि ज्या कांद्याने भाव येईपर्यंत थांबायचे होते तो जुलैतच आळेफाट्याच्या बाजारात मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

या सगळ्यात पैशाच्या हानीपेक्षा जास्त बोचणारी गोष्ट ज्ञानाची आहे. नऊ वस्तू एकत्र घातल्यावर पीक बिघडले तर कोणामुळे बिघडले, आणि साधले असते तर कोणामुळे साधले, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. वर दिलेली कारणमीमांसा पुढील हंगामातील माती परीक्षणावरून आणि वाफ्यावाफ्यांतील तुलनेवरून मागाहून लावलेली आहे. म्हणून ज्यांना आपल्या मातीकडून काही शिकायचे आहे त्यांनी एका हंगामात एकच नवी वस्तू घालावी, आणि निदान एक वाफा नेहमीच्या शेणखतावरच, बाकी काही न घालता, कोरा ठेवावा. त्या वाफ्यातील उत्पन्नाची घट ही शिकवणीची फी समजावी, आणि बहुधा ती घट येतही नाही.

माती परीक्षणाचा नमुना पीक निघाल्यावर आणि कोणतेही खत पडण्यापूर्वी घ्यावा. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल ‘व्ही’ आकाराचे खड्डे घेऊन, त्यांच्या कडेची माती एकत्र करून, तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून देत अर्धा किलो उरेपर्यंत ही कृती करावी. उकिरड्याची जागा, बांध आणि झाडाखालची माती टाळावी. अहवालात सामू, विद्युत वाहकता (म्हणजे क्षारांचे मान), सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध स्फुरद हे चार आकडे आधी पाहावेत. वाहकता 1 च्या आत असेल तर चिंता नाही, 1 ते 2 मध्ये बियांची उगवण धोक्यात येते, आणि अशा जमिनीत कोंबडखत व राख दोन्ही वर्ज्य समजावीत. स्फुरद भरपूर असेल तर हाडांचा चुरा, प्रेसमड आणि कोंबडखत बाजूला ठेवून शेणखत, ताग किंवा धैंचा गाडून केलेले हिरवळीचे खत आणि थोडी पेंड यांवर भागवावे. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र आणि राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय या भागातील शेतकऱ्याला हाकेच्या अंतरावर आहेत. अहवाल हातात घेऊन तेथे गेलेल्या माणसाला मिळणारा सल्ला रिकाम्या हाताने गेलेल्याच्या सल्ल्याहून निश्चितच वेगळा असतो.

कच्चे खत वाफ्यात जाऊ देऊ नये, कारण करपण्याखेरीज हुमणीचाही धोका असतो. तिचे भुंगेरे कच्च्या शेणाच्या ढिगात अंडी घालतात आणि अळ्या खताबरोबर शेतात पोचतात. मिश्रण पक्व झाले की नाही हे पाहण्यासाठी एका कुंडीत नुसती माती आणि दुसरीत तीच माती मिश्रणासह घेऊन दोन्हींत मोजून मेथी पेरावी. आठवडाभरात दुसऱ्या कुंडीतील उगवण मागे पडली किंवा रोपांची टोके करपली, तर ढीग आणखी महिना-दोन महिने झाकून, ओल राखून कुजवावा. गच्चीवर कुंड्यांत भाजी लावणाऱ्यांना तर ही कसोटी अधिकच आवश्यक आहे, कारण कुंडीत मुळांना पळायला जागा नसते.

ज्यांच्याकडून अतिरेक होऊन गेला आहे त्यांनी उतारा म्हणून आणखी काही घालण्याचा मोह आवरावा. चाऱ्याची मका किंवा ज्वारी दाट पेरून, कापून शेताबाहेर काढल्यास जास्तीचे नत्र आणि पालाश तिच्याबरोबर निघून जाते, आणि निचरा बरा असेल तर पावसाळा क्षारांचे ओझे हलके करतो. स्फुरद मात्र पाण्याबरोबर खाली जात नाही. त्या दहा गुंठ्यांत त्यानंतर हाडांचा चुरा, प्रेसमड किंवा कोंबडखत पडलेले नाही, आणि लागोपाठ तीन वर्षांच्या परीक्षणांत स्फुरदाचा आकडा अजून ‘अत्यंत जास्त’ याच रकान्यात आहे.