अभिनयसम्राट दिलीपकुमार

मुलांनो, ‘मुगल-ए-आझम’ हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातला शाहजादा सलीम आठवा. समोर बादशहा अकबर ढगासारखा गरजतो आहे आणि सलीम मात्र खालच्या आवाजात उत्तर देतो आहे. तरीही त्याचा एकही शब्द आपल्या कानांतून निसटत नाही. हा सलीम म्हणजे दिलीपकुमार. इतक्या हळू आवाजात बोलून मोठमोठी चित्रपटगृहे स्तब्ध करणारा हा नट मुळात नट होणारच नव्हता. तो फळांचा व्यापारी व्हायचा होता.

त्यांचे खरे नाव मुहम्मद यूसुफ खान. त्यांचा जन्म ११ डिसेंबर १९२२ रोजी पेशावर येथे, किस्सा ख्वानी बाजारात झाला. या नावाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. दूरदूरचे प्रवासी तेथे थांबत आणि एकमेकांना किस्से सांगत, म्हणून तो बाजार ‘किस्सा ख्वानी’. यूसुफचे वडील गुलाम सरवर खान फळांचा व्यापार करीत. मुले त्यांना ‘आगाजी’ म्हणत. आईचे नाव आयेशा बेगम. घरात बारा भावंडे.

१९३० नंतरच्या काळात आगाजी कुटुंबाला घेऊन मुंबईला आले. क्रॉफर्ड मार्केटमध्ये त्यांचे फळांचे दुकान होते. काही वर्षे हे कुटुंब नाशिकजवळच्या देवळालीलाही राहिले. तेथील बार्न्स स्कूलमध्ये यूसुफ इंग्रजी शिकला. पुढे मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची शाळा आणि माटुंग्याचे खालसा कॉलेज. कॉलेजात राज कपूर त्याच्याबरोबर होता. कपूर मंडळीही पेशावरचीच, त्यामुळे दोन्ही घरांचा घरोबा जुना होता. यूसुफ लाजाळू होता. त्याला चार माणसांत बोलायला आवडत नसे. फुटबॉल मात्र जीव की प्राण. चित्रपट पाहण्याचा नाद तर त्याला मुळीच नव्हता.

एकदा वडिलांशी खटका उडाला आणि यूसुफ घर सोडून पुण्याला गेला. ते महायुद्धाचे दिवस होते. त्याला चांगले इंग्रजी येत होते, म्हणून लष्कराच्या कँटीनमध्ये मदतनिसाची नोकरी मिळाली. नंतर त्याने तेथेच सँडविचचे छोटेसे दुकान मांडले. फळांची पारख घरातूनच आलेली आणि हिशोब चोख, त्यामुळे दुकान चांगले चालले. एके दिवशी त्याने तेथे भाषण केले : हिंदुस्थानचा स्वातंत्र्यलढा न्याय्य आहे! झाले, पोलिसांनी त्याला उचलून येरवड्याच्या तुरुंगात नेले. तेथे एक रात्र काढून तो सुटला. पुढे कँटीनचा ठेका संपला, तेव्हा साठवलेले पाच हजार रुपये घेऊन तो मुंबईला परतला आणि ते पैसे त्याने आईच्या हाती ठेवले.

आता कामाचा शोध सुरू झाला. १९४२ साली एके दिवशी तो कामासाठी दादरला निघाला होता. चर्चगेट स्टेशनवर त्याला डॉ. मसानी भेटले. ते ओळखीचे होते. ‘मी मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये चाललो आहे, तूही चल,’ असे ते म्हणाले. बॉम्बे टॉकीज म्हणजे त्या काळची नावाजलेली चित्रपटसंस्था. देविकाराणी तिच्या प्रमुख होत्या. त्यांनी या तरुणाला जे प्रश्न विचारले, त्यांतला एक तुम्हांला आवडेल : ‘तुला उर्दू चांगले येते का?’ यूसुफ ‘हो’ म्हणाला. मग त्यांनी त्याला नट होण्याविषयी विचारले. पगार दरमहा १२५० रुपये! घरी भावाला हे सांगताना यूसुफलाच शंका आली, की एवढे पैसे महिन्याला कसे मिळतील? वर्षाचे असतील! त्याने डॉ. मसानींमार्फत चौकशी केली, तेव्हा पगार महिन्याचाच असल्याचे कळले.

देविकाराणींनी त्याला पडद्यासाठी दुसरे नाव घ्यायला सांगितले आणि ‘दिलीपकुमार’ हे नाव ठरले. यूसुफला ते एका अर्थी सोयीचेच होते, कारण आगाजींना सिनेमा अजिबात पसंत नव्हता. राज कपूरचे आजोबा दिवाण बशेश्वरनाथ त्यांचे मित्र. त्यांचा मुलगा पृथ्वीराज नाटक-सिनेमांत काम करतो, यावरून आगाजी त्यांची थट्टा करीत. अशा वडिलांना काय सांगायचे? यूसुफने घरी खरे सांगितलेच नाही.

पहिला चित्रपट ‘ज्वार भाटा’ १९४४ साली आला. त्यातल्या पहिल्याच दृश्यात नायिकेला वाचवण्यासाठी धावायचे होते. यूसुफ कॉलेजात शर्यती पळलेला. तो असा सुसाट धावला, की कॅमेऱ्यात नीट दिसेचना. दिग्दर्शक अमिय चक्रवर्ती यांना सांगावे लागले, ‘जरा हळू!’ चित्रपट पडला. बाबूराव पटेल हे त्या काळचे कडक टीकाकार. त्यांनी या नव्या नायकाला चक्क अशक्त ठरवले. पण तेथेच अशोककुमारांनी त्याला कानमंत्र दिला. अभिनय म्हणजे अभिनय न करणे, असे ते म्हणत. यूसुफला आधी यातले काहीच कळले नाही. मग तो रोज सेटवर जाऊन इतरांचे काम पाहत बसू लागला.

१९४७ साली ‘जुगनू’ आला आणि खूप गाजला. त्यात नूरजहाँ त्यांची नायिका होती. पण या यशानेच गुपित फोडले. क्रॉफर्ड मार्केटजवळ ‘जुगनू’ची मोठी जाहिरात लागली होती. बशेश्वरनाथांनी आगाजींना ती दाखवली : पाहा, तुमचा मुलगा! आगाजींना फार वाईट वाटले. त्यांनी मुलाशी बोलणे टाकले. घरात वडील समोर आहेत आणि बोलत नाहीत, हे दुःख केवढे असते! शेवटी राज कपूरच्या सांगण्यावरून पृथ्वीराज कपूर स्वतः आगाजींना भेटायला गेले आणि हळूहळू त्यांचा राग निवळला. पुढे १९६० साली ‘मुगल-ए-आझम’मध्ये रागावलेला बाप झाले ते हेच पृथ्वीराज!

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट सांगतो. ती तुमच्या फार जवळची आहे. मुंबईच्या लोकल गाडीत संगीतकार अनिल विश्वास यांनी दिलीपकुमारांची एका सडपातळ मराठी मुलीशी ओळख करून दिली. ती नवी गायिका होती. ती मराठी आहे हे कळताच दिलीपकुमार म्हणाले, की मराठी लोकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो! बोलणे झोंबणारे होते. ती मुलगी रडत किंवा भांडत बसली नाही. तिने एका मौलानांकडे उर्दूचे धडे घ्यायला सुरुवात केली. ‘ज’ कोणता आणि नुक्त्याचा ‘ज़’ कोणता, हे ती घोकू लागली. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. पुढे दोघांत बहीणभावाचे नाते जुळले. १९७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लताबाईंचा कार्यक्रम झाला, तेव्हा श्रोत्यांना त्यांची ओळख करून द्यायला दिलीपकुमारच उभे होते. मराठीतला ‘च’ आणि ‘ळ’ तुम्हांला छळत असतील, तेव्हा या मौलानांची शिकवणी आठवा.

दिलीपकुमार स्वतःही असेच कष्ट घेत. ‘दीदार’ (१९५१) मध्ये त्यांना अंध माणसाचे काम होते. उघड्या डोळ्यांनी न पाहणे किती अवघड, करून पाहा. त्यासाठी ते एका अंध फकिराजवळ जाऊन बसत व त्याचे निरीक्षण करीत. ‘कोहिनूर’ (१९६०) मध्ये सतार वाजवण्याचे दृश्य होते. दुसऱ्या वादकाची बोटे दाखवून भागले असते, पण ते उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्याकडे सतार शिकले. ‘गंगा जमुना’ (१९६१) या चित्रपटाची निर्मिती त्यांनीच केली. त्यातला गंगा खेडवळ बोली बोलतो. ही बोली त्यांनी लहानपणी देवळालीच्या घरातल्या माळ्याच्या तोंडून ऐकली होती. त्यातल्या शेवटच्या दृश्यात जखमी गंगा धापा टाकत घरात येतो. तो दम खोटा वाटू नये म्हणून दिलीपकुमार आधी स्टुडिओभोवती थकेपर्यंत धावले आणि मगच कॅमेऱ्यासमोर आले. ‘ज्वार भाटा’च्या वेळचे धावणे आणि हे धावणे, दोन्हींत किती फरक!

या कष्टांची किंमतही त्यांना मोजावी लागली. ‘अंदाज’, ‘दीदार’, ‘देवदास’ अशा चित्रपटांत ते सतत दुःखी माणसे रंगवीत. लोक त्यांना ‘ट्रॅजेडी किंग’ म्हणू लागले. पण ते दुःख संध्याकाळी कपड्यांबरोबर उतरेना. ते घरी येऊ लागले. मन सारखे उदास राहू लागले. शेवटी त्यांनी लंडनला मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेतला. ‘हलकीफुलकी कामे करा,’ असे त्यांना सांगण्यात आले. मनाच्या आजारावर डॉक्टरकडे जाण्यात त्यांनी लाज मानली नाही, ही गोष्ट मला त्यांच्या कित्येक बक्षिसांपेक्षा मोठी वाटते. मग ‘आझाद’ (१९५५) आणि ‘राम और श्याम’ (१९६७) यांसारख्या चित्रपटांतून त्यांनी लोकांना पोट धरून हसवले. ‘नया दौर’ (१९५७) मधला त्यांचा टांगेवाला तर बसशी शर्यत लावतो.

बक्षिसांचे म्हणाल तर फिल्मफेअरचा उत्कृष्ट अभिनेत्याचा पहिला पुरस्कार ‘दाग’साठी त्यांनाच मिळाला आणि असे पुरस्कार त्यांनी एकूण आठ वेळा मिळवले. १९८० साली ते मुंबईचे शेरीफ झाले. १९९१ साली पद्मभूषण, त्यानंतर दादासाहेब फाळके पुरस्कार आणि २०१५ साली पद्मविभूषण. १९९८ साली पाकिस्तानने त्यांना ‘निशान-ए-इम्तियाज’ दिला. २००० ते २००६ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेला निधी मिळवून देण्यासाठीही ते झटले. पन्नासहून अधिक वर्षांत त्यांनी केलेले चित्रपट साठच्या आसपासच. मनाला न पटणारे काम ते घेत नसत. १९६६ साली अभिनेत्री सायराबानू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांनी दिलीपकुमारांना अखेरपर्यंत साथ दिली. ७ जुलै २०२१ रोजी मुंबईत दिलीपकुमारांचे निधन झाले आणि जुहूच्या कब्रस्तानात त्यांचा दफनविधी झाला.

आता तुमच्यासाठी एक काम. वसंत कानेटकर यांचे ‘अश्रूंची झाली फुले’ हे मराठी नाटक प्रसिद्ध आहे. १९८४ साली यश चोप्रा यांनी त्यावरून ‘मशाल’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात दिलीपकुमार संपादक विनोदकुमार झाले आहेत. एका दृश्यात रात्रीच्या वेळी रस्त्यात त्यांची पत्नी वेदनेने तळमळते आहे. ते प्रत्येक मोटारीला हात करतात, विनवतात, पण एकही गाडी थांबत नाही. आयुष्यभर हळू बोललेला हा नट तेथे ओरडतो. तो चित्रपट मिळाला तर पाहा. नाटक तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात असेल तर तेही वाचा. अडलेले शब्द वहीत लिहून ठेवा. वर्गात आपण ते पाहू.