शाळेचे दार आणि वर्गातील जागा

शाळेत समान संधी मिळण्यास दोन गोष्टी लागतात. एक, शाळेचे उघडे दार. दुसरी, वर्गात इतरांच्या शेजारी जागा. पहिली कायद्याने मिळते; दुसरी माणसांनी द्यावी लागते. ह्या दोहोंतील अंतर किती मोठे असू शकते, हे आपल्याच इतिहासावरून पाहू.

इ. स. १८५६ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड येथे, एका महार मुलास सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूस आहे, हे सरकारने मान्य केले. तथापि त्याला घेतल्यास इतर मुले निघून जातील व शाळा निरुपयोगी होईल, अशी भीती दाखवून अर्ज फेटाळला. पुढील वर्षी हिंदुस्थान सरकारने हा नकार अयोग्य ठरविला आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांस भेदभावावाचून खुल्या राहतील.

दार उघडले, परंतु जागा मिळाली काय? ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. नियम होऊन बेचाळीस वर्षे लोटली होती. तरीही त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली असता नळास हात लावण्याची मुभा नसे. शिपाई नळ उघडी तेव्हाच पाणी मिळे. शिपाई नसला म्हणजे तहान तशीच राही.

हे अंतर राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. त्यांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. एवढ्यावर न थांबता, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत घ्यावीत, असेही ठरविले. पुढे १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही, वर्णभेदाने वेगळ्या ठेवलेल्या सार्वजनिक शाळा समान असूच शकत नाहीत, असा निर्णय दिला.

हा प्रश्न आपल्या दिघाशीपासून दूर नाही. भिवंडी तालुक्यातील वीटभट्ट्यांवर कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर कामास येतात व पावसाळ्यापूर्वी परततात. मुलेही बरोबर येतात आणि ऐन सत्रात त्यांची शाळा सुटते. अशा मुलांसाठी ह्या भागात विधायक संसद ह्या संस्थेने भट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' चालविल्या. ते काम मोलाचे होय. परंतु गावच्या शाळेतही त्यांचा हक्क आहेच.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास जन्मदाखला नाही, किंवा वर्ष अर्धे झाले आहे, ह्या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही. पहिल्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला, म्हणूनही त्यास ताटकळत ठेवता येत नाही. पालकांनी ही माहिती आपल्या परिचयाच्या मजूर कुटुंबांस अवश्य सांगावी.

उरते ती वर्गातील जागा. धारवाडच्या मुलास नकार देताना पुढे केलेले कारण कोणते होते? इतर मुले त्याच्याबरोबर बसणार नाहीत, हेच. म्हणजे तो नकार सरकारी कागदावर लिहिला गेला, तरी त्याचे मूळ वर्गातील बाकांवर व त्या मुलांच्या घरांत होते. म्हणून विद्यार्थ्यांनो, माघ महिन्यात एखादा नवा मुलगा तुमच्या वर्गाच्या दारात उभा राहिला, तर सरकून त्याला जागा द्या, आपली वही दाखवा आणि मागे पडलेला धडा समजावून सांगा. पालकहो, घरी त्याचे नाव निघाले, तर त्याची जात विचारू नका. तो कोणता धडा शिकला, ते विचारा.