टोमॅटोच्या वाणाआधी महिना ठरवा

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला आणि काही शहरांत तो पुढे दोनशेच्या घरात गेला. दोनच महिन्यांनी त्याच टोमॅटोला वाहतुकीचा खर्चही सुटेना, तेव्हा शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. भाव चढला की कळमनुरीसारख्या गावातही घरोघरी एकच विचार येतो : अंगणात चार झाडे असती तर! मग पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रातून ‘चांगल्या टमाट्याचे’ पाकीट येते, कुंड्या हिरव्यागार होतात, फुलेही लागतात, पण फळ धरत नाही. दोष कधी बियाण्यावर जातो, कधी खतावर, कधी दुकानदारावर. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा यांतल्या कुणाचाच दोष नसतो. वाण निवडताना दोन गोष्टी विचारायच्या राहून गेलेल्या असतात. हे झाड कोणत्या महिन्यात फुलणार, आणि ज्यांनी हा वाण तयार केला त्यांच्या डोळ्यांपुढे कोण होते?

महिन्याचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर चुकले तर दुसऱ्याला अर्थच उरत नाही. टोमॅटोच्या फुलापासून पिकलेले फळ हाती यायला साधारण दीड महिना लागतो. म्हणजे जुलैच्या सुरुवातीला फळ हवे असेल तर फूल मेच्या मध्यात धरायला हवे. दिवसाचा पारा पस्तिशीच्या पुढे आणि रात्रीचा बावीस-चोवीस अंशांच्या वर राहू लागला की टोमॅटोचे परागकण निकामी होत जातात आणि फूल देठापासून गळून पडते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि गच्चीवरचा स्लॅब तर रात्री उशिरापर्यंत तापलेलाच असतो. जुलैत टोमॅटो महाग होण्यामागे जी कारणे आहेत त्यांत ही उन्हाळ्यातली फूलगळ मोठी आहे. जे ऊन शेतातला टोमॅटो रोखते तेच आपल्या कुंडीवर पडत असते, हे भाववाढीच्या घाईत विसरले जाते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सदाबहार’सारखा वाण रात्रीच्या कमी-अधिक तापमानातही फळ धरावे म्हणून काढला, बारक्या फळांची झाडेही मोठ्या फळांच्या मानाने उष्णता जास्त सोसतात, त्यांना हिरव्या जाळीची सावली देऊन पाहायला हरकत नाही. पण मराठवाड्याच्या मे महिन्यात भरघोस तोडा देईल असा वाण कुणी सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कळमनुरीचा टोमॅटो हिवाळ्याचा. पोळ्याच्या सुमारास बी टाकावे, दसऱ्याच्या आसपास रोप लावावे, म्हणजे डिसेंबरपासून फळ सुरू होते आणि होळीपर्यंत टिकते.

आता वाण कुणासाठी तयार झाला याचा विचार. बाजारात दिसणारा लांबट, जाड सालीचा, एकसारखा लाल टोमॅटो खराब आहे असे मी म्हणत नाही. त्याने क्रेटमध्ये चार थर सोसावेत, शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा, एकाच वेळी पिकून मजुरी वाचवावी, अशी त्याच्याकडून अपेक्षा होती आणि ती तो पुरी करतो. परसबागेत मात्र यांतला प्रत्येक गुण बिनकामाचा, क्वचित उलटाच पडतो. परसातून स्वयंपाकघरापर्यंत वीस पावले असतात; तिथे जाड सालीचे काय करायचे? एका आठवड्यात दहा किलो पिकण्यापेक्षा तीन महिने रोज चार फळे मिळणे घराला सोयीचे. चवीचीही गोष्ट आहे. कच्चे फळ देठाजवळ गडद हिरवे आणि खाली फिके, असे जुन्या वाणांत दिसते. व्यापारी शेतीने तो हिरवा खांदा नकोसा मानला आणि सगळे फळ एकसारखे फिके हिरवे असलेली झाडे पसंत केली. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी संशोधकांच्या अभ्यासाने दाखवले की या एकसारखेपणाच्या मागे जो जनुकीय बदल आहे, तोच फळातली हरितद्रव्ये घटवतो आणि त्यामुळे फळात तयार होणारी साखरही कमी होते. म्हणून रोप पाहताना नाही, तरी कच्चे फळ पाहताना खांदा जरूर बघावा.

यावर लगेच कुणी म्हणेल, मग देशी वाण लावा, संकरित नको. हे मला पटत नाही. टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडे आला तो युरोपीयांच्या जहाजांतून. त्यात ‘देशी’ शोधायला गेलो तर हाती फारसे लागत नाही. ज्याला आपल्याकडे जुना, घरगुती म्हणतात त्या ‘पुसा रुबी’चाही एक पालक ‘सू’ हा अमेरिकी वाण आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का विकास’ हा अमेरिकी ‘टिप-टॉप’मधून निवडलेला, पण कोरडवाहूतही आणि ओलितावरही तग धरावा अशा हिशेबाने निवडलेला, म्हणून पाण्याची ओढाताण असलेल्या आपल्या भागाला तो जवळचा. याच संस्थेचा ‘अर्का रक्षक’ संकरित आहे आणि पर्णगुच्छाचा विषाणू, जिवाणूजन्य मर व लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही. जिथे मागच्या हंगामात पाने आखडून झाडे बसली, तिथे संकरित नको म्हणून ‘पुसा रुबी’चा हट्ट धरणे शहाणपणाचे नाही. सरळ वाण आणि संकरित यांतला घरासाठी महत्त्वाचा फरक एवढाच की सरळ वाणाचे बी पुढच्या वर्षी धरता येते, संकरिताचे धरले तर झाडे भलतीच निघतात.

रोगाचा विचार मात्र गावाच्या शिवाराकडे पाहून करावा लागतो. आपल्याभोवती सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि हळद. हरभऱ्यावरची घाटेअळी आणि टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी ही एकच कीड. जानेवारीत शिवारात हरभऱ्याला घाटे लागतात तेव्हा तिचे पतंग परसातही येणारच. तिला रोखणारा वाण बाजारात मिळत नाही, पण झाडांच्या कडेने आधी लावलेला मोठ्या फुलांचा झेंडू तिची बरीचशी अंडी स्वतःवर घेतो. कापसावरची पांढरी माशी पर्णगुच्छाचा विषाणू आणते, आणि झाड जितके कोवळे तितके नुकसान मोठे. म्हणून विषाणूला प्रतिकारक वाण घेतला तरी रोपे पहिला महिनाभर बारीक जाळीखाली ठेवावीत. तंबाखू मळलेले हात धुतल्याशिवाय रोपाला लावू नयेत, हेही सांगून ठेवतो; तंबाखूवरचा मोझॅक टोमॅटोवर येतो. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरतात, तेव्हा हळदीला करतात तसाच गादीवाफा टोमॅटोला करावा. आणि पाणी आज भरपूर, मग चार दिवस नाही, असे झाले की कोणत्याही वाणाचे फळ तडकते किंवा बुडाशी काळे पडते. नळाला रोज पाणी येत नसेल तर झाडे कमी लावा आणि बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घाला.

एकाच वाणावर भिस्त ठेवू नये, याला मी फार महत्त्व देतो. २०२० च्या उन्हाळ्यात संगमनेर, अकोले, जुन्नर या टोमॅटोच्या पट्ट्यात फळांचा रंग बिघडू लागला आणि लोकांनी त्या रोगाला ‘तिरंगा’ म्हटले. बेंगळुरूला नमुने तपासले तेव्हा मावा पसरवतो तो काकडीवरचा मोझॅक विषाणू त्यांत सापडला. ज्यांच्याकडे फवारणीची सगळी साधने होती त्यांचेही प्लॉट गेले. आपली आठ झाडे असतील तर ती तीन वाणांची असावीत : एक रोगाला दाद न देणारा, एक चवीचा, एक बारक्या फळांचा. आठ झाडांसाठी वेगवेगळी पाकिटे कोण घेणार, ही अडचण खरी आहे. दहा ग्रॅमच्या पाकिटात जवळपास तीन हजार बिया असतात. गल्लीतल्या चार-सहा घरांनी मिळून वाण वाटून घेतले तर कुणालाच महाग पडत नाही. रोपवाटिकेतून तयार रोप घेणे सोपे, पण वाणाचे नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर ते त्या हंगामात शेतकऱ्यांनी जास्त मागितलेले, म्हणजे ट्रकसाठीचेच असण्याची शक्यता मोठी. तालुक्यातच तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. विद्यापीठांचे आणि संस्थांचे वाण कुठे मिळतील याची चौकशी तिथे, तीही पावसाळा सुरू होतानाच करावी.

सगळ्यांत बिनतोड आक्षेप असा : हिवाळ्यात टोमॅटो बाजारात स्वस्तच असतो, मग तेव्हाच पिकवून काय साधले? पैशात पाहिले तर फारसे काही नाही, हे मी मान्य करतो. ज्याला पैसेच वाचवायचे आहेत त्याने त्या जागेत मेथी आणि कढीपत्ता लावावा. झाडावर पूर्ण पिकलेले, सकाळी तोडून दुपारच्या वरणात पडलेले, कशाची फवारणी झाली हे आपल्याला ठाऊक असलेले फळ ज्याला हवे, त्याच्यासाठी हा खटाटोप आहे. आणि जुलैची सोयही हिवाळ्यातच होते. फेब्रुवारीत फळे जास्त झाली की चकत्या करून, मीठ लावून कडक उन्हात वाळवाव्यात. मे महिन्यात फूल गाळणारे ऊन इथे कामाला येते. त्याच सुमारास सरळ वाणाच्या सगळ्यांत निरोगी झाडावरचे दुसऱ्या-तिसऱ्या घोसातले एक फळ पूर्ण पिकू द्यावे, त्याचा गर वाटीत दोन दिवस आंबवावा, वर तरंगणारे बी टाकून तळाचे धुऊन सावलीत सुकवावे आणि पुडीवर वाणाचे नाव व साल लिहून ठेवावे.