काठ बघून पाणी निवड

बिद्रीत राहणाऱ्या गळवाल्याला पाण्याची वाण नाही. मुदाळ तिट्ट्यावर उभं राहिलं की एक रस्ता राधानगरीला जातो, एक गारगोटीवरून पाटगावकडं, एक मुरगूडवरून निपाणीला आणि चौथा आपल्या गावावरून कोल्हापूरला. चारी वाटांना पाणी आहे. म्हणूनच, भाच्या, तुझ्यासारख्या नव्या पोराची पंचाईत होते. हातात नवी काठी आली, नवं रीळ आलं की तो थेट सगळ्यांत मोठं धरण गाठतो, दिवसभर ऊन खातो आणि रात्री सांगतो, तिथं मासाच नाही. मासा असतो रे. तो जिथं असतो तिथवर आपला गळ जात नाही, एवढंच.

काळम्मावाडीच्या धरणात २५.४० टीएमसी पाणी मावतं, राधानगरीत ८.३६, पाटगावात ३.७१. हे आकडे पाटबंधारे खात्याच्या कामाचे. काठावर बसणाऱ्याच्या वाट्याला येतं ते चाळीस-पन्नास पावलांच्या आतलं पाणी. त्या पट्ट्यात माशाला खायला काय आहे, लपायला काय आहे आणि खोलीला पळून जायला वाट आहे का, या तीन गोष्टी बघायच्या. तिन्ही असतील तर गावतळंही पुरतं. नसतील तर पुढं समुद्र पसरला असला तरी उपयोग नाही.

तू मोबाईलवर ते अमेरिकेतल्या बासचे व्हिडिओ बघत बसतोस, त्यातलंच उदाहरण घे. जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी पोरानं १९३२ साली जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी तलावात २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. म्हणजे दहा किलोचा. तो विक्रम अजून उभा आहे. त्याच्या तोडीचा मासा २००९ साली जपानात मानाबू कुरिता यानं बिवा सरोवरात धरला. बिवा हे जपानातलं सर्वांत मोठं सरोवर, आणि पेरीचा तलाव म्हणजे नदीनं वळण सोडल्यावर मागं राहिलेलं पाणी. विक्रम दोन्हीकडं झाला. पाण्याच्या आकारावर जाऊ नको ते यासाठी.

बास आपल्याकडं नाही. आपला दबा धरून बसणारा शिकारी म्हणजे मरळ. बाकी गळाला लागतात ते कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, चिलापी आणि दगडात राहणारी वांब. प्रत्येकाची जागा वेगळी, म्हणून तलाव निवडायच्या आधी मासा ठरव. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. सायप्रिनस तळाचा चिखल उकरतो, म्हणून एरवी नितळ असलेल्या काठाला एकाच जागी गढूळ धूर उठताना दिसला तर तिथं तो चरतोय असं समज. चिलापी उथळ वाळूत गोल खड्डे करून अंडी घालते. ते खड्डे काठावरून स्पष्ट दिसतात. तुझ्यासारख्यानं सुरुवात चिलापीपासून करावी. गळाला गांडूळ लावलं की ती फार वेळ बसवून ठेवत नाही.

तलाव बघायला जायचं ते मे महिन्यात, आणि काठी घरी ठेवून. शेतीला पाणी सोडून सोडून धरण तळाला गेलेलं असतं. एरवी पाण्याखाली असलेलं सगळं तेव्हा उघडं पडतं: जुन्या शेतांचे बांध, ताली, विहिरीचं कडं, तोडलेल्या झाडांची खोडं, बैलगाडीची वाट, आणि ओढा मूळ पात्राला मिळतो ती घळ. या सगळ्या जागा चालून बघ. कुठला बांध काठावरच्या कुठल्या झाडाच्या किंवा खडकाच्या रेषेत येतो, ते वहीत काढून ठेव. दिवाळीनंतर पाणी काठोकाठ असताना सगळ्यांना एकसारखा पाण्याचा पत्रा दिसेल. तुला मात्र ठाऊक असेल की समोरच्या जांभळीच्या रेषेत तीस पावलांवर दगडी ताल आहे आणि तिच्या पलीकडं एकदम खोली आहे. मासा त्या कडेनं फिरतो. एक ध्यानात ठेव, उघड्या पडलेल्या गाळावर वरून भेगा दिसतात आणि आत गुडघाभर चिखल असतो. पाण्याच्या अगदी कडेला जाऊ नको आणि एकटा तर नकोच.

काठावरून बसायचं तर उतार मध्यम हवा. फार उथळ पाणी असलं की उन्हानं तापतं आणि मासा दिवसा फिरकत नाही. एकदम कडा असली तर चारा टाकलेला घरंगळून खोल जातो. सगळ्यांत चांगली जागा म्हणजे ओढा तलावात शिरतो तिथलं तोंड. पावसानं वाहून आणलेलं खाणं तिथं साचतं. दुसरी जागा वाऱ्याची. वारं ज्या काठाकडं वाहतं तिकडं पाण्यावरचं शेवाळ, किडे, बारीकसारीक खाणं ढकललं जातं आणि त्यामागं बारका मासा, बारक्यामागं मोठा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचं वारं सुटलं की माणसं वाऱ्याला पाठ करून आडोशाला बसतात. तू तोंडावर वारं घेऊन बस. गळ टाकायला त्रास होतो, पण मासा त्याच बाजूला असतो.

आता नावेचं. काठावरचा माणूस जीव तोडून गळ मधोमध फेकतो आणि नावेतला माणूस मधे जाऊन काठाकडं फेकतो. दोघांनाही हवी असते ती उतार संपून खोली सुरू होते ती रेघ. तेव्हा नाव घ्यायची ती मधे जायला नव्हे, पायी पोचता येत नाही अशा काठाला जायला. काठावर करवंदाची जाळी पाण्यात झुकली आहे, उभा खडक आहे, वेताच्या झुडपांनी वाट अडवली आहे, अशा ठिकाणी नावेतून तिरकं जावं, वल्हं आपटू नये, दोरीला दगड बांधून नांगर हळू सोडावा आणि थोडं थांबावं. जिथं काठ मोकळा आहे तिथं नावेचा खर्च आणि धोका दोन्ही वाया.

आपल्या भागात गुऱ्हाळाची काईल पाण्यात घालायची जुनी रीत आहे. महापुरात काईलीनं माणसं पैलतीराला नेली आहेत, ते खरं. पण ती चालवणारे हात वेगळे होते. काईलीला नाळ नाही, कणा नाही. एका बाजूला वाकलास की ती फिरते, आणि मासा ओढताना माणूस वाकतोच. ट्रॅक्टरच्या ट्यूबचंही तेच, बाभळीचा एक काटा पुरतो. अंगात जाकीट नसेल तर काठच बरा. आणि धरणात खासगी नाव घालायला परवानगी लागते, ती आधी विचारून घे.

मरळ हवी असेल तर मोठं धरण विसर. पाण्याची पातळी सारखी वरखाली होते तिथं काठाला वनस्पती टिकत नाही, आणि मरळीला आडोसा लागतो. कमळाची पानं, पाणगवत, लव्हाळा असलेला जुना तलाव शोध. ती श्वास घ्यायला अधूनमधून वर येते, तेव्हा पानांत ‘बुळुक’ असा आवाज होतो आणि एक वर्तुळ उमटतं. वर्तुळावर गळ टाकू नको, त्याच्या पलीकडं टाक आणि रबरी बेडूक पानांवरून ओढत त्या जागेवर आण. पावसाळ्यात कधी पाण्यावर तांबूस पिल्लांचा झुबका हलताना दिसेल. त्याच्याखाली आईबाप राखण करत असतात आणि काहीही जवळ आलं की तुटून पडतात. ती मरळ धरणं सोपं, म्हणूनच धरायची नाही. ती काढलीस की पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात आणि तलाव रिकामा होतो.

धरण, तलाव सोडून तिसरं पाणी आपल्याकडं आहे ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं. पावसाळा सरला की बंधाऱ्यात बर्गे घालतात आणि दूधगंगा-वेदगंगेचं वाहतं पात्र लांबच लांब तळं होऊन बसतं. काठ जवळ, खोली जवळ, वर झाडाची सावली. शिकायला यासारखी जागा नाही. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथं हवा मिसळते, म्हणून उन्हाळ्यात मासा त्या बाजूला सरकतो. पडत्या पाण्याच्या अगदी तोंडाशी मात्र उतरू नको, तिथलं पाणी खाली ओढतं.

पाणी निरोगी आहे का, हे पहाटे कळतं. जलपर्णीनं, शेवाळानं गच्च भरलेल्या तलावात या वनस्पती रात्रभर प्राणवायू खातात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. नवखा माणूस खूश होतो, की केवढा मासा आहे! तो मासा खायला वर आलेला नसतो, गुदमरलेला असतो, गळाकडं बघत नाही. नदीला दूषित पाणी आल्यावर तडफडून वर येतो तो मासाही आणायचा नाही, लोक पोती भरून नेत असले तरी. आणि साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यातल्या माशाला मातकट वास येतो. हळद-मीठ लाव, आमसूल लाव, थोडा जातो, सगळा जात नाही. दगडी तळाच्या, खेळत्या पाण्याच्या तलावातली चिलापी खाऊन बघ, मग तलावातला फरक जिभेलाच कळेल.

पाणी कुणाचं आहे हे विचारल्याशिवाय गळ सोडू नको. बहुतेक तलाव मच्छीमार संस्थांकडं ठेक्यानं असतात. त्यांनी बोटुकली विकत आणून सोडलेली असते, तिच्यावर त्यांचं पोट आहे. दोन शब्द गोड बोललं की बसू देतात, आणि कुठं बसावं तेही सांगतात. मुरगूडच्या सर पिराजीराव तलावाचं पाणी गाव पितं, तेव्हा अशा ठिकाणी चाऱ्याचे गोळे कालवून पाणी नासवू नये. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या फुगवट्याचा भाग अभयारण्याला लागून आहे. तिथं वनखात्याची हद्द कळल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि संध्याकाळी पाण्यावर येणाऱ्या गव्याला वाट सोडायची.

साल असं धर. मृगाच्या पावसात गळ खुंटीला. चढणीचा मासा तेव्हा गाभोळीनं भरलेला असतो. श्रावण-भाद्रपदात गावतळी. दिवाळी ते संक्रांत मोठ्या धरणांचे काठ, उन्हं वर आल्यावर, कारण थंडीत पहाटे मासा सुस्त असतो. शिमग्यानंतर बंधारे, सकाळ-संध्याकाळ. मे महिना तलाव बघायला.

पावसाळ्यात राधानगरी धरणाखाली नदीत उतरायचं नाही, हे वेगळं सांगतो. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला आलं की ते आपोआप उघडतात. तू खाली गळ आवरतोयस की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं.

आणि घरातून निघताना आईला सांगून नीघ. नुसतं ‘काळम्मावाडीला चाललोय’ म्हणू नको, एवढ्या पाण्यात तुला कोण कुठं शोधणार? कुठला काठ, कुठल्या ओढ्याचं तोंड, परत किती वाजता, ते सांग. तलावाचं नाव नाही सांगितलंस तरी एक वेळ चालेल, काठ सांग.