चिमुकल्या रस्त्यावरील मोटार

नाशिकरोड स्थानकात आगगाडी शिरते, तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरही मोटारींची वर्दळ चालू असते. म्हणूनच आगगाडीच्या प्रतिकृतीत केवळ आगगाडी धावून भागत नाही. रस्ताही जागता हवा. पुण्यास भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले, आणि या छंदाची गोडी अनेकांस लागली.

पण मोटारीस रूळ नसतात. मग ती वळते कशी? १९८९ मध्ये जर्मनीतील फालर या कारखान्याने यावर युक्ती योजली. रस्त्याच्या पृष्ठाखाली लोखंडी तार पुरावयाची. मोटारीच्या पुढील चाकांना जोडलेल्या दांडीच्या टोकास लोहचुंबक असतो. तो तारेचा माग काढतो व चाके आपोआप वळतात. मोटारीच्या पोटातील विद्युत्‌घट तिला चालवितो.

खरी कसोटी फाटकापाशी लागते. तेथे रस्त्याखाली विद्युत्‌चुंबक बसवितात. आगगाडी जवळ येताच त्यात वीज सोडली, की मोटारीतील बारीक कळ उघडते, प्रवाह खंडित होतो आणि मोटार थबकते. आगगाडी निघून गेली, की वीज बंद करतात व मोटार मार्गस्थ होते.

वीज सोडण्यास क्षणभर उशीर झाला, तर चिमुकली मोटार उलटते. ती उचलून पुन्हा ठेवता येते. खऱ्या फाटकावर चुकलेला क्षण मात्र परत मिळत नाही.