नाशिकहून कोकणच्या खडपावर : जिगिंगचं सामान आणि त्याचा खरा खर्च

गंगापूर, दारणा, मुकणेच्या काठावर गळ टाकून हात बसलेल्या नाशिककरांचा पुढचा ओढा हल्ली कोकणाकडे असतो. खडपावर उभं राहून धातूचा जिग समुद्रात लांब फेकायचा, तळाला बसू द्यायचा आणि झटके देत वर आणायचा. गळाला तांबोशी, गोबरा किंवा ट्रेव्हली लागते आणि त्या ओढीपुढे धरणातला रोहू मवाळ वाटतो. पण सामान घेताना बहुतेकांचा पैसा चुकीच्या जागी जातो: रॉडवर उधळपट्टी होते, दोरी आणि बुटांवर काटकसर. हिशेब उलटा हवा. मीठ आणि कातळ ज्या वस्तूंना झिजवतात, त्यांवर आधी खर्च करा.

सुरुवात रिळापासून. धरणावरचं जुनं रीळ समुद्रावर नेऊ नका. खाऱ्या पाण्याने त्याची बेअरिंग लवकर धरतात. ४००० किंवा ५००० आकाराचं, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलं रीळ साधारण साडेतीन ते सहा हजारांत मिळतं. शिमानो, दायवासारख्या कंपन्यांच्या वरच्या श्रेणीत हाच आकडा दहा हजारांपुढे जातो; पहिल्या वर्षी त्याची गरज नाही. दुकानात ड्रॅग थोडा आवळा आणि दोरी हाताने ओढून पाहा. ती एकसारखी सुटली पाहिजे. अडकत-अडकत, धक्के देत सुटली तर ते रीळ परत ठेवा. मासा पहिल्या धावेत दोरी तोडतो तो अशाच धक्क्याला.

रॉड नऊ ते दहा फुटांचा, ३० ते ६० ग्रॅम वजन फेकणारा घ्या. तीन ते पाच हजारांत चांगला येतो. दोन तुकड्यांचा असेल तर बांधलेली लांबी दीड मीटरच्या आसपास भरते. गाडीत मधून आडवा टाकता येतो, आगगाडीत बर्थखाली बसतो. निजामुद्दीन–एर्नाकुलम मंगला एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि रत्नागिरीलाही, त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याने हा विचार करूनच रॉड निवडावा.

दोरी विणलेली, म्हणजे ब्रेड, २० ते ३० पौंडांची. तीनशे मीटरला बाराशे ते अठराशे रुपये पडतात. त्याहून फार स्वस्त दोरीवर छापलेल्या ताकदीवर मी विश्वास ठेवणार नाही. ब्रेड कातळावर घासली की लगेच कापली जाते, म्हणून पुढे दीड-दोन मीटर ४० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर हवाच. त्याला चार-सहाशे रुपये. दोन्ही जोडणारी एफजी गाठ घरी टीव्हीसमोर बसून इतक्यांदा बांधा की वाऱ्यात, ओल्या हातांनीही जमली पाहिजे.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. सामान तोलायचा हुकाचा छोटा काटा दोन-तीनशेला मिळतो. दोरीचं टोक त्याला अडकवून ओढा. २५ पौंडांची दोरी म्हणजे सव्वाअकरा किलो. तिच्या पाव भागाला, पावणेतीन ते तीन किलोला, रीळ सुटायला लागलं पाहिजे.

जिग हा सतत चालणारा खर्च. ३० ते ४० ग्रॅमचे साधे जिग दोन-अडीचशेला मिळतात, जपानी सहाशेच्या पुढे. खडपावर जिग अडकणार, तुटणार हे धरूनच चाला. एका फेरीत चार-पाच गेले तर नवल नाही. म्हणून साधेच आठ घ्या, दोन हजारांत काम होईल. जिगच्या शेपटीला तीन आकड्यांचा गळ असेल तर काढून टाका आणि डोक्याकडे एकच असिस्ट हुक ठेवा. जिग निम्म्याने कमी अडकतो असं माझं निरीक्षण आहे. हुक आणि रिंगांना पाचशे.

फेकल्यावर जिग बुडू द्या. तळ लागला की दोरी एकदम ढिली पडते. त्याच क्षणी उचला, रेंगाळलात तर तो कपारीत बसलाच. एक झटका, रिळाचा एक फेरा, असं आठ-दहा वेळा. मग पुन्हा सोडा. बहुतेक वेळा मासा घेतो तो जिग पडत असताना. लागलेला मासा रॉडने उचलायला जाऊ नका, रॉड तिथेच मोडतो. लाट वर येईल तिच्याबरोबर त्याला सरकवत आणा.

फेकायचा सराव नाशिकमध्येच होतो. मोकळ्या मैदानावर, आसपास कोणी नसताना, गळ न लावता ४० ग्रॅमचं शिसं फेका. धरणावर जायचं तर मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारा. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे गळ नकोच.

जागेबद्दल स्पष्ट सांगायचं तर डहाणू, केळवे नाशिकला जवळ असले तरी तिथलं पाणी गढूळ असतं. जिग मासा डोळ्यांनी पाहून धरतो. नितळ पाण्यासाठी रत्नागिरी, सिंधुदुर्ग गाठावं लागतं, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. रत्नागिरीला गाडीने जाऊन-येऊन हजारेक किलोमीटर, म्हणजे सात हजारांचं पेट्रोल. चौघांत वाटलं तर माणशी पावणेदोन हजार, मुक्काम-जेवण वेगळं.

तारीख ठरवताना घरातली दिनदर्शिका उघडा. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. अष्टमी-नवमीला भांग असते, पाणी फार चढत नाही, आणि भरती नेमकी पहाटे भेटते. नवख्याने हेच दिवस धरावेत. पौर्णिमा-अमावास्येला पहाटे ओहोटी असते. तेव्हा चालत गेलेल्या खडपाला दहा वाजेपर्यंत उधाणाचं पाणी मागून वेढतं आणि परतीची वाट बंद होते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीत माणसं ओढली गेली आहेत, आणि ती तर बांधलेल्या पायऱ्यांची वाट आहे.

म्हणून फेल्टच्या किंवा खिळ्यांच्या तळाचे बूट, साधारण दीड हजार, आणि तेवढ्याचंच लाइफ जॅकेट यांना यादीत पर्याय नाही. सह्याद्रीत चालणारे ट्रेकिंगचे बूट हिरव्या शेवाळावर घसरतात. उतरण्याआधी वीस मिनिटं नुसता समुद्र पाहा. जो कातळ ओला दिसतो तिथे लाट येऊन गेलेली असते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था लाटांचे इशारे देते, तेही आदल्या दिवशी बघा. पावसाळ्यात खडपावर जाऊच नका.

डोक्याचा दिवा आणि पक्कड आठशे रुपये धरून सगळं मिळून साडेचौदा ते वीस हजार होतात. पक्कं बिल घ्या. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. घरी परतल्यावर रिळाचा ड्रॅग आवळून त्यावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, पुसा आणि मग ड्रॅग सैल करून वाळवा. छोटे मासे सोडून द्या. राज्याने २०२३ मध्ये अनेक जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. आणि निघण्यापूर्वी फोनमध्ये दोन क्रमांक घालून ठेवा: तटरक्षक दलाचा १५५४ आणि आपत्कालीन ११२.