छप्पर कोण उसकटणार?

वाचन : मार्ककृत शुभवर्तमान २:१-१२



मागच्या वर्षी आपल्या धर्मग्रामाच्या सणाला मुलांच्या शर्यती झाल्या. कुबड्या घेऊन चालणाऱ्या एका मुलाला मी टेबलाशी बसवले, गुण लिहायला दिले आणि शेवटी कंपासपेटी बक्षीस दिली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्याची आई म्हणाली, "फादर, बक्षिसाचं काही नाही. त्याला खेळायचं होतं." ते शब्द मला अजून बोचतात.

कफर्णहूमच्या घरात त्या दिवशी जमलेली गर्दी वाईट माणसांची नव्हती. ती प्रभूचे वचन ऐकायला आली होती. तरी पक्षाघाती माणसाला कोणी वाट दिली नाही. मग चौघांनी छप्पर उसकटून त्याला खाली सोडले. येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्या माणसाला अडवणारी गोष्ट फक्त त्याच्या पायांत नव्हती, दारातही होती, हे त्या चौघांनी ओळखले होते.

सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जिद्द त्यांची होतीच, पण त्या जिद्दीला तलावाचे दार उघडे मिळाले. आपल्या भागात जत्रा म्हटली की कुस्ती आणि बैलगाडा. अशा गावात किती मुलांची जिद्द मैदानाबाहेर बसून राहते?

आपण काय करू शकतो?

१. आधी विचारू या. बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही येशूने त्याला काय हवे ते विचारले (मार्क १०:५१).

२. नियम बदलू या. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू वाजतो आणि तो हात खाली ठेवून टाकतात. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांसाठी जाळी १.१५ मीटर उंचीवर असते. कर्णबधिर मुलांसाठी शिट्टीबरोबर रुमाल हलवला तरी पुरे.

३. सोबती देऊ या. लिंबू-चमचा, चेंडूफेक हे खेळ जोडीनेही खेळता येतात.

४. वाट नीट करू या. मैदानापर्यंतची खडी व पायरी आधी पाहावी.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगांच्या क्रीडासहभागाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. आपल्या सणाच्या खेळांची जबाबदारी मात्र आपलीच आहे. युवक मंडळाने यंदा खेळ ठरवण्यापूर्वी अशा प्रत्येक घरी जावे. मीही सोबत येईन.

मननासाठी : माझ्यामुळे कोणाचे दार अडले आहे काय?

प्रार्थना : हे प्रभो, आम्हांला गर्दीतून उठव आणि त्या चौघांसारखे कर. आमेन.

आपला धर्मगुरू